चाकांचे नट उघडून दाखवणाऱ्या फिटरकाकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पत्रास कारण की, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातून मी निघत असताना तुम्ही माझ्या गाडीपुढे येऊन उभे राहिलात आणि "चाके पाहिल्याशिवाय ही गाडी रस्त्यावर नेऊ नका" असे सांगितलेत, तेव्हा तुमचे आभार मानणे तर दूरच, मी तुमच्याशी धड बोललोही नाही. मागच्या आसनावर माझी मुलगी बसली होती आणि आम्हाला घरी पोहोचण्याची घाई होती. त्या वेळी जे बोलायला हवे होते ते आज लिहितो आहे, आणि उघडपणे लिहितो आहे, कारण हीच चूक जुनी गाडी जपणाऱ्या आणखी कोणाच्या चाकांत दडलेली असू शकते.

तुमच्या नजरेस प्रथम पडले ते नटांच्या छिद्रांपासून बाहेरच्या बाजूला पसरलेले तांबूस गंजाचे ओघळ. मी ते अनेकदा धुऊन काढले होते आणि जुन्या गाडीला गंज असायचाच, असे समजून चाललो होतो. घट्ट बसलेल्या चाकातून असा ओघळ येत नाही, तिथे धातूवर धातू घासला जातो आहे, हे तुम्ही सांगितल्यावर मी इंजिन बंद केले.

त्यानंतर तुम्ही एक नट सोडवला, तो पुन्हा हाताने थोडासा फिरवून माझ्या बोटांत दिला आणि हलवून पाहायला सांगितले. नट स्टडवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या आट्यांच्या दांड्यावर, डुगडुगत होता. माझ्या १९६० च्या दशकातल्या गाडीचे स्टड ७/१६ इंचाचे, इंचाला २० आटे असलेले. म्हणजे व्यास सुमारे ११.१ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर १.२७ मिलिमीटर. आधीच्या कोणीतरी त्यांवर १२ मिलिमीटरचे, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे नट चढवले होते. आट्यांची अंतरे इतकी जवळची की नट न अडखळता चढतो, आवळताना पाना घट्टही लागतो, आणि आवळणाऱ्याला काम चोख झाले असे वाटते. प्रत्यक्षात नटाचे आटे स्टडच्या आट्यांना जेमतेम पाव मिलिमीटर खोलीपर्यंत पकडून असतात, जिथे ती पकड त्याच्या जवळजवळ तिप्पट असायला हवी. नट अजिबात चढलाच नसता तर मी वेळीच सावध झालो असतो. तो चढला, हीच खरी भीतीची गोष्ट होती.

नटांच्या खालचे वॉशर तुम्ही एकेक करून माझ्या तळहातावर ठेवलेत, ते मी अजून विसरलेलो नाही. माझ्या चाकांची छिद्रे निमुळती, त्यांत निमुळत्या तोंडाचाच नट बसायला हवा. तसा नट चाकाला मधोमध आणून बसवतो आणि त्याचा दाब सगळ्या उतारावर पसरतो. सपाट नट आणि त्याखाली दोन-दोन वॉशर घातल्यामुळे सगळा भार छिद्राच्या पातळ कडेवर येत होता. ती कड चेपत गेली, की नट न फिरताही ताण सुटत जातो. दोन छिद्रे तर लांबट झाली होती.

चाक स्टडवर टांगलेले असते, असा माझा आजवरचा समज होता. आवळलेला स्टड किंचित ताणला जातो, तो ताण चाकाला हबवर, म्हणजे चाकामागच्या फिरणाऱ्या मध्यभागावर, दाबून धरतो आणि त्या दाबातले घर्षणच चाकाला जागेवर ठेवते, हे तुम्ही समजावलेत. दाब गेला की चाक सूक्ष्मपणे सरकू लागते, स्टड दर फेऱ्याला वाकतो, आणि वाकून वाकून एके दिवशी तुटतो.

मागच्या डाव्या चाकात एका स्टडच्या जागी साधा बोल्ट मागून वेल्डिंग करून बसवलेला निघाला, तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. त्याच्या डोक्यावर ताकदीची एकही खूण नव्हती. असा बोल्ट मुळातच मऊ असतो, आणि तो चांगल्या प्रतीचा असता तरी वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचे पाणी उतरलेच असते. असे जुगाड कसे सुरू होतात याचे तुम्ही दिलेले उदाहरण इथे नोंदवतो. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असत. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवतो आहे असे समजून तो आवळत राहतो, स्टड मोडतो, आणि मग हाताशी असेल तो बोल्ट त्या जागी जातो.

गाडी त्या दिवशी ट्रकवर चढवून घरी आली. पुढे तुम्ही स्वतः येऊन सगळे जुने स्टड काढलेत, योग्य मापाचे नवे स्टड हातोडीने न ठोकता दाबयंत्राने बसवलेत, लांबट छिद्रांची चाके बाद करायला लावलीत आणि आट्यांना तेल लावण्यापासून मला थांबवलेत, कारण तेल लावलेल्या आट्यांवर टॉर्क पान्याचा, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याचा, तोच आकडा स्टडला कितीतरी जास्त ताणतो. प्रत्येक नट आधी हाताने चढवून किमान ९ पूर्ण फेरे मिळतात का, हे तुम्ही माझ्याकडूनच मोजून घेतलेत. नटाची स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतक्या लांबीची पकड हवी, हे माप आता माझ्या बोटांना पाठ झाले आहे. हे सगळे तुम्ही एका अनोळखी माणसासाठी केलेत, आणि तेही त्याने तुमच्याशी तुटकपणे वागल्यानंतर. त्या वागण्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे ८० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासले. पुढच्या उजव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले, बाकीचे जागचे हलले नाहीत. त्यानंतरच्या तपासणीत एकही नट फिरला नाही आणि छिद्रांभोवती गंजाचा ओघळ नाही. काढलेले नट आणि तो वेल्डिंगचा बोल्ट पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नयेत म्हणून करवतीने चिरून ठेवले आहेत. मुलीने त्यांतला एक तुमची आठवण म्हणून मागून घेतला आहे.

आपला कृतज्ञ,
त्या जुन्या गाडीचा मालक