धुराची तारीख कुठून आणू, साहेब?

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

फुफ्फुसाच्या आजारानं नोकरी सुटली, म्हणून कर्तव्यावरच्या इजेची पेन्शन मागितली होती. परवा पालिकेचं पत्र आलं. ‘आजार कर्तव्याशी निगडित असल्याचा पुरावा अर्जदाराने सादर केला नाही, सबब सर्वसाधारण रुग्णता निवृत्तिवेतन अनुज्ञेय.’ चोवीस वर्षं मी अग्निशमन दलात काढली. अर्जात रकाना आहे: घटनेची तारीख व ठिकाण. काय लिहू? फोमचं गोदाम, की तीन दिवस धुमसणारा कचरा डेपो, जिथे बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायची पाठीवरची हवेची टाकी नि मुखवटा) पुरले नाहीत म्हणून आम्ही ओले रुमाल बांधून उभे होतो? पाय मोडला तर तारीख सांगता येते. फुफ्फुसं वर्दीमागून वर्दी, म्हणजे आगीच्या एकेका कॉलमागून, जळत गेली.

गेल्या १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना पुष्पचक्र वाहताना, आजारी जवानांची प्रकरणं महिन्याभरात निकाली काढू, असा शब्द व्यासपीठावरून मिळाला होता. वर्ष उलटलं.

दरम्यान अर्जित रजा संपली, मग अर्धपगारी, मग बिनपगारी. पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्म्यावर बसवली. आजारानं हिरावलेल्या अकरा वर्षांच्या वेतनवाढी, हुकलेली बढती, यातलं काहीच हिशेबात नाही. दिव्यांग दाखल्याला गेलो, तर २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत फुफ्फुसाचा आजारच नाही! नोकरीला मी अपात्र आणि दाखल्यापुरता धडधाकट. चौथ्या मजल्यावरून म्हातारी माणसं खांद्यावर उतरवली मी. आज चौदा पायऱ्यांत दोनदा बसतो, बायको पाठीला हात लावून मागे उभी असते.

माझ्याबरोबरच्या एकाला मूत्राशयाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२२ मध्ये आमचं कामच कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या गटात. तरी त्यालाही पुरावा मागतात. इमारतवाल्यांना मागता का हो? महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानं जानेवारी-जुलैला इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. कोरडे हायड्रंट (आगीसाठीचे पाण्याचे नळ) आम्ही आगीच्या रात्री पाहिलेत. त्यांचा कागद चालतो, आमचा खोकला चालत नाही.

मागणं एकच. ठरावीक वर्षं आगीवर गेलेल्याला कर्करोग वा फुफ्फुसाचा आजार झाला, तर तो नोकरीतूनच झाला असं धरा आणि कर्तव्यावरच्या इजेप्रमाणे पेन्शन काढा. नाही म्हणायचं असेल, तर पुरावा पालिकेनं द्यावा. कॅनडाच्या मॅनिटोबात २००२ पासून काही कर्करोगांसाठी असाच कायदा आहे.

माझ्या वर्द्यांची नोंदवही पालिकेच्याच कपाटात असायची. माहिती अधिकारात मागितली, तर लेखी उत्तर आलं: ‘अभिलेख मुदतबाह्य असल्याने नष्ट करण्यात आले.’

आपला,
एक माजी फायरमन