रॉकेलच्या इंजिनात पाणी सोडताना

संपादक महाशय,

इंजिनात पाणी सोडा आणि मायलेज दुप्पट करा, असं सांगणारे व्हिडिओ गावोगाव मोबाइलवर फिरताहेत. ते बघून पाणी उपसायच्या इंजिनावर सलाइनची बाटली टांगायचा मोह कुणालाही होईल. पाण्यानं मायलेज दुप्पट होत नाही, पण इंजिनाचे ठोके थांबवायला पाणी सोडायचं तंत्र जुनं आणि खरं आहे. पण ते कुठे लागू पडतं आणि कुठे इंजिनाचा जीव घेतं हे त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तसंच पाण्याचं. त्याचं काम वेगळं आहे. वाफ होताना एक ग्रॅम पाणी सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. पेट्रोल याच्या जेमतेम सातवा हिस्सा ओढतं. त्यामुळे सिलिंडरातलं मिश्रण गार राहतं आणि ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कडेचा वायू आपोआप भडकत नाही. तो भडकला की इंजिन टकटक ठोके देतं, त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न भडकता टिकण्याची ताकद, कमी, म्हणून लोड येताच रॉकेलचं इंजिन ठोकतं. अमेरिकेत 1910 पासून निघालेले रुमेली ऑइलपुल ट्रॅक्टर रॉकेलवर चालायचे आणि त्यांत याच कारणासाठी पाणी सोडायची सोय होती. जे पेट्रोल इंजिन मुळात ठोकतच नाही, त्यात पाणी घालून काहीही मिळत नाही, उलट ताकद थोडी उतरते.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा. इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांत (फिन्समध्ये) भुसा अडकलाय का, हेडवर कार्बनचा थर बसलाय का, मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, आहे का, पंप इंजिनाला झेपण्यापेक्षा मोठा आहे का. बरेचसे ठोके इथेच थांबतात.

तरीही पाणी सोडायचंच असेल तर जागा नीट निवडा. थ्रॉटलच्या, म्हणजे कार्बुरेटरातल्या हवेच्या झडपेच्या, पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डला नळी जोडू नका. तिथे ओढ सर्वांत जास्त असते ती इंजिन रिकामं चालताना, आणि पूर्ण लोडवर ती जवळजवळ संपते. म्हणजे नको तेव्हा पाणी धो धो येणार आणि हवं तेव्हा थेंबही नाही. नळी एअर फिल्टर आणि कार्बुरेटर यांच्यामधल्या कोपरात, म्हणजे वळणाच्या पाइपात, घ्या. हवा जितकी जास्त जाईल तितकी तिथली ओढ वाढते. कोपर काढून घेऊनच भोक पाडा, नाहीतर बुरादा आत जाईल. 2 मिलिमीटरची पितळी नळी घ्या, टोक 45 अंशांत तिरकं कापा, कापलेली बाजू कार्बुरेटरकडे ठेवा आणि टोक बरोबर मधोमध आणा. बाहेरून नळीला वॉशर डाखून घ्या, म्हणजे ती निसटून आत ओढली जाणार नाही. इंजेक्शनची सुई वापरू नका. ती तुटून आत गेली तर पिस्टन गेला.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा 2 ते 3 सेंटिमीटर खाली हवी. वर टांगलेली बाटली इंजिन बंद पडलं तरी गळतच राहते. हिशेब करा: 200 सीसीचं इंजिन, कॉम्प्रेशन 6 ला 1, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा 40 मिलिलिटर. मिनिटाला 3 मिलिलिटर गळत असेल आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर चहा पिऊन येईपर्यंत ती भरते. पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन सुरू करायची दोरी अडकली तर जोर लावू नका. प्लग काढा, दोरी ओढून पाणी बाहेर काढा.

उभ्या बाटलीऐवजी पसरट डबा घ्या. 20 बाय 15 सेंटिमीटर तळाच्या डब्यात 150 मिलिलिटर पाणी गेलं तरी पातळी अर्धाच सेंटिमीटर उतरते, त्यामुळे ओढ फारशी बदलत नाही. झाकणाला बारीक भोक हवं. मधे सलाइन सेटची नळी घेतली की तिच्या चाकानं प्रमाण कमी-जास्त करता येतं.

प्रमाण वजनावर धरा. तासाला 1 लिटर, म्हणजे सुमारे 800 ग्रॅम, रॉकेल जळत असेल तर तासाला 80 मिलिलिटर पाण्यापासून सुरुवात करा. अर्धा तास पूर्ण लोडवर चालवा, मग सिरिंजनं डबा पुन्हा खुणेपर्यंत भरा. जितकं भरलं तितकं पाणी अर्ध्या तासात गेलं, तासाचं प्रमाण त्याच्या दुप्पट. ठोके थांबले की तिथेच थांबा. तासाला 200 मिलिलिटरच्या वर जाऊ नका. इंजिन अडखळू लागलं, फेरे पडले, की पाणी जास्त झालं. जास्त गारव्यानं न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइल दुधाळ झालं, तर ते लगेच बदला.

पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या पाण्याचे क्षार नळीच्या तोंडाशी आणि व्हॉल्व्हवर बसतात, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. इंजिन बंद करण्याआधी 3 मिनिटं पाणी तोडा, म्हणजे आतला ओलावा उडून जाईल. ओलं इंजिन रात्रभर राहिलं की व्हॉल्व्हच्या सीटवर गंज चढतो. पावसाळ्यात मुळात कमी पाणी लागतं. 30 अंशांच्या दमट हवेतून पूर्ण वेगातलं 200 सीसीचं इंजिन मिनिटाला 6-7 ग्रॅम बाष्प आपणहून ओढत असतं. ते गारवा देत नाही, पण ठोके थोडे दबतात.

डिझेल इंजिनाच्या वाटेला मात्र जाऊ नका. डिझेलचे ठोके वेगळ्या कारणाचे: इंधन उशिरा पेटतं म्हणून ते येतात. पाण्यानं सिलिंडरातली हवा गार झाली की पेटायला आणखी उशीर होतो आणि आवाज वाढतो. शिवाय 17 ला 1 कॉम्प्रेशनमध्ये पाण्याला उरलेली जागाही फार थोडी असते.

— शेती-इंजिनं दुरुस्त करणारे काही कारागीर, सातारा जिल्हा