कुलूप कशासाठी?

महोदय,

२५ मार्च १९११, शनिवार. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या कपडे शिवण्याच्या कारखान्यात सुटी व्हायच्या वेळी आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला. वरच्या, नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद. कारण काय, तर पोरी कापड चोरतील म्हणून सगळ्यांनी एकाच दाराने, पर्स उघडून दाखवत बाहेर पडायचे! अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापाशीच संपली. १४६ जीव गेले. बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, काही जेमतेम चौदा वर्षांच्या. मालक निर्दोष सुटले. पुढे भरपाई मिळाली ती माणशी ७५ डॉलर.

परवा आमच्या भागातल्या एका शिवणकारखान्यात गेलो होतो. मागच्या जिन्यावर कापडाचे गठ्ठे छताला टेकलेले.

– एक वाचक, भिवंडी