जुनापाणीत एलियन कशाला हवेत?

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांवरचा, म्हणजे गोलाकार मांडलेल्या धोंड्यांवरचा लेख वाचला. फोटो झकास, त्याबद्दल अभिनंदन, पण 'अश्मयुगातलं गूढ' हे हेडिंग आणि खाली 'ही परग्रहवासीयांनी रचली?' असं ते प्रश्नचिन्ह कोणाच्या डोक्यातून निघालं हो?

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथली वर्तुळं खणली तेव्हा लोखंडी वस्तू निघाल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे आणि माहूरझरीला घोडे पुरलेले, तोंडावर तांब्याचा साज चढवलेले. एलियन काय घोड्यावर बसून आले होते? थडगी आहेत ती साहेब, लोहयुगातल्या माणसांची, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. भोवती काळे धोंडे, मधे माती-गोट्यांची भर, खाली माणूस आणि त्याची भांडी-हत्यारं. काही धोंड्यांवर बोटानं चाचपता येतील अशा खळग्या ओळीनं कोरल्यात, त्यांचा तर लेखात उल्लेखच नाही.

बरं, गूढच छापायचं तर आमच्याकडे या. माझ्या मामाच्या वावराच्या धुऱ्याला असंच एक वर्तुळ होतं, लहानपणी आम्ही या धोंड्यावरून त्या धोंड्यावर उड्या मारायचो. पुढे शेजारचं वावर एनए (बिगरशेती) झालं, लेआउट पडलं आणि एका दुपारी जेसीबीनं सगळे धोंडे उचलून कंपाउंडच्या पायव्यात घातले, फक्त एक राहिला कारण त्याला कोणीतरी आधीच शेंदूर फासून ठेवला होता. मी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात गेलो तर तिथले साहेब म्हणे, संरक्षित यादीत नाव आहे का, नाही ना, मग आमच्याकडे कशाला आलात, तरी अर्ज देऊन ठेवा. दिला. पोच आहे माझ्याकडे, हवी तर पुढच्या पुरवणीत फोटो छापा. जुनापाणी निदान त्या यादीत तरी आहे, बाकी वावरा-वावरातल्या धोंड्यांना कोण विचारतो, आणि तुमच्या वार्ताहराला ते दिसतही नाहीत कारण तिथे एलियन उतरत नाहीत ना!

आणि हो, 'वीकेंडला कसे जाल' म्हणून नकाशा दिलात, धन्यवाद, आता बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं उचलायला कोणाला पाठवताय तेही कळवा. त्या नकाशापायी शब्दकोडं इतकं बारीक केलंत की चौकटीत अक्षर मावत नाही, तेवढं तरी पुढच्या रविवारी मोठं करा.

आपला जुना वाचक,
काटोल रोड, नागपूर