एमबीबीएसचं घड्याळ : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

महोदय,

साडेचार वर्षं अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप, हे एमबीबीएसचं गणित आता घरोघरी पाठ आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने त्याला दोन कुंपणं घातली. पहिल्या वर्षाची परीक्षा फार तर ४ प्रयत्नांत सुटली पाहिजे, आणि प्रवेशाच्या तारखेपासून ९ वर्षं उलटली की विद्यार्थ्याला अभ्यासक्रमात राहता येणार नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि मर्यादा असावी या मताचा आहे. हॉस्टेलची खोली अडवून वर्षानुवर्षं परीक्षेचा फॉर्मही न भरणारे 'दादा' आमच्या पिढीने पाहिले आहेत. पण हे घड्याळ एकदा सुरू झालं की आजाऱ्यासाठीही थांबत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचं उदाहरण देतो. संध्याकाळी बारीक ताप, कोरडा खोकला. एक्स-रेमध्ये छातीत पाणी निघालं. टीबी. वॉर्डात पोस्टिंग करणाऱ्या मुलांच्या वाट्याला हा आजार येतो, त्यात नवल नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवसांत डोळे पिवळे दिसू लागले. औषधं बंद करून, लिव्हरचे रिपोर्ट पाहत पाहत एकेक पुन्हा सुरू करावं लागलं. सहा महिन्यांचा कोर्स लांबला. 'उपचारात खंड पडू देऊ नका' हे वाक्य आम्हीच वर्गात शिकवतो. मस्टरला मात्र थिअरीची ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते. हजेरी कमी पडल्याने मुलगा डिटेन झाला, म्हणजे त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. ज्या ज्युनिअरांना त्याने आपला बोन सेट (अ‍ॅनाटॉमी शिकायचा हाडांचा संच) आणि नोट्स दिल्या होत्या, त्यांच्याच बॅचमध्ये त्याचं नाव यादीच्या तळाशी आलं. मेडिकलचे कागद त्याने ऑफिसात दिले. ते फाइलला लागले. रजिस्टरमधली नोंद 'गैरहजर' अशीच राहिली. क्लासला दांडी मारून सिनेमाला गेलेल्याचीही तीच नोंद असते.

दुसरी गोष्ट परीक्षेची. काही पेपर दिले आणि पुढचे चुकले, तरी तो प्रयत्न धरला जातो. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलीने अ‍ॅनाटॉमीचे पेपर लिहिले, मग डेंग्यूने प्लेटलेट घसरून ती सलाइनवर गेली, बायोकेमिस्ट्री राहिलं, तरी चारातली एक संधी खर्ची पडते. ती हॉलमध्ये आलीच नसती तर बरं झालं असतं, असा सल्ला शिक्षकाने द्यायचा का?

मनाच्या आजारांचं तर विचारूच नका. आयोगाच्याच राष्ट्रीय कृती दलाच्या २०२४ च्या अहवालात, पाहणीत भाग घेतलेल्या एमबीबीएस विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं नोंदवलं, १६.२ टक्के मुलांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. सहामागे एक. दीडशेच्या वर्गात उभा राहिलो की हा हिशोब डोक्यातून जात नाही. यातल्या कोणाला सहा महिने थांबून उपचार घ्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'सर, वर्ष जाईल ना?' घरी काय सांगायचं, हा दुसरा.

नियम वाकवता येतो हे आयोगाने स्वतःच दाखवलं आहे. कोविडच्या काळात प्रवेश घेतलेल्या २०२०-२१ च्या बॅचला पहिल्या वर्षासाठी पाचवी संधी दिली गेली, आणि आभाळ कोसळलं नाही. संकट सगळ्यांवर एकदम आलं तर दया, एकट्यावर आलं तर गैरहजेरी, हा न्याय मला समजत नाही. ब्रिटनमध्ये तर धडधाकट विद्यार्थीसुद्धा मधेच एक वर्ष बाजूला होऊन संशोधनाची वेगळी पदवी करतात आणि ते जादा वर्ष बायोडेटात अभिमानाने लिहितात. आपल्याकडे इतकी चैन कोणी मागत नाही.

मागणं एवढंच आहे की केंद्रीय नियमावलीत अधिकृत विरामाची तरतूद करा. गंभीर आजार, मानसिक उपचार, बाळंतपण, घरातला आघात अशा कारणांसाठी विद्यार्थ्याला ठरावीक मुदतीपर्यंत थांबता यावं. कमाल दोन वर्षं म्हणा. तो काळ ९ वर्षांत धरू नये, त्या काळाची फी घेऊ नये. निर्णय वैद्यकीय मंडळाने गोपनीयपणे द्यावा, कोणा एकाच्या मर्जीवर नको. परीक्षेच्या मधोमध रुग्णालयात दाखल झालेल्याचा प्रयत्न मोजू नये. आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशाला (पीजीला), नोकरीला किती प्रयत्नांत पास झालात हे दाखवणारं जे अटेम्प्ट सर्टिफिकेट मागतात, त्यात विराम हा नापासापेक्षा वेगळा दिसावा. परत आल्यावर त्याने राहिलेलं पोस्टिंग पूर्ण करावं, हजेरीही भरावी. पासिंगचा एक मार्कही कमी करू नका. नापास करायला लागलं तर आम्ही करूच.

खोटी सर्टिफिकेटं येतील, हा आक्षेप ठरलेला आहे. येतील. पण खोटा आजार ओळखणं मेडिकल कॉलेजला जमत नसेल, तर मग ते जमायचं कोणाला?

यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही. एखादं कलम आणि त्याचा एक नमुना अर्ज पुरे. मसुदा सूचनांसाठी खुला केलात तर माझं म्हणणं सविस्तर पाठवीन. समिती नेमलीत तर तिच्यात अधिष्ठाते असतीलच. ज्यांची बॅच बदलली अशा दोन-चार विद्यार्थ्यांनाही बोलवा, आणि शक्यतो त्यांची परीक्षा नसेल त्या आठवड्यात.

कळावे,

आपला,
एक वैद्यकीय शिक्षक