तक्रार: अपडेटनंतर लायब्ररीतल्या स्टाइल तुटल्या, आणि सॉफ्टवेअरने चकार शब्द काढला नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: शेअर केलेल्या रंग व अक्षर स्टाइलचा दुवा तुटल्याबाबत

महोदय,

नाशिकला गंगापूर रोडवर माझा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे. पोट त्यावरच आहे. तुमच्या डिझाइन सॉफ्टवेअरचे वार्षिक सबस्क्रिप्शन घेतले ते मुख्यतः स्टाइलसाठी. रंग, अक्षर, सावली एकदा लायब्ररीत, म्हणजे सामायिक संग्रहात, ठरवायची, नाव द्यायचे आणि पुढे बदल करायचा तो एकाच जागी. ताज्या अपडेटने नेमके तेच मोडले. मोडले ते मोडले. पण मोडल्याचे कुठे साधी सूचनाही नाही, याचा राग जास्त आहे.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका गटासाठी आम्ही मोबाइल ॲप डिझाइन करतो आहोत. दर, हवामान, फवारणीच्या नोंदी. बागेत उभे राहून, भर उन्हात बघायचे ॲप. दराखालची तारीख #९९९९९९ या फिक्या राखाडीत होती. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक) जेमतेम २.८५:१ भरतो, डब्ल्यूसीएजी या सर्वांना वाचता यावे यासाठीच्या वेब मानकाच्या एए पातळीला लहान अक्षरासाठी किमान ४.५:१ लागतो. म्हणून ‘मजकूर/दुय्यम’ ही स्टाइल #५९५९५९ केली, म्हणजे साधारण ७:१, आणि लायब्ररी पब्लिश केली.

होम स्क्रीन बदलला, दरांची यादी बदलली. फवारणीचे स्क्रीन मात्र जुन्याच रंगात. तिथला कुठलाही लेयर, म्हणजे स्क्रीनवरचा घटक, निवडा, उजव्या पॅनेलमध्ये नाव ‘मजकूर/दुय्यम’च दिसते. पाटी तीच, दुकान भलत्याचेच! ‘हीच स्टाइल असलेले सगळे निवडा’ म्हटले तर फवारणीचा एकही लेयर निवडला जात नाही. उघड आहे, तुमचे सॉफ्टवेअर स्टाइल नावाने ओळखत नाही, आतल्या आयडीने ओळखते. अपडेटने लायब्ररी नव्या फॉरमॅटमध्ये नेताना ते आयडी बदलले आणि हे लेयर वाऱ्यावर सुटले.

रंगाचे एक वेळ निभावले असते. अक्षरांचे झाले ते फार वाईट. मराठी मजकुरासाठी आमची स्टाइल होती ‘मुक्ता’ फॉन्ट, आकार १६, ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ पट. इंग्रजीचे १.२ वर भागते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, एवढी जागा लागते. तुटलेल्या लेयरमध्ये ही उंची तुमच्या डिफॉल्टवर, १.२ वर, येऊन बसली. ‘मूळ दर’मधला दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या ‘क्विंटल’च्या वेलांटीत अडकला. बटणावर तर रफारच कापला गेला आणि ‘पूर्ण’चे ‘पूण’ झाले. तुमच्याकडे चाचणी इंग्रजी डमी मजकुरावरच होत असणार. मराठीचा एक परिच्छेद टाकून बघितला असता तर हे पहिल्याच स्क्रीनवर दिसले असते.

सातपूरचा आमचा डेव्हलपर पॅनेलमधूनच मूल्ये उचलतो. त्यामुळे एकाच नावाचे दोन राखाडी कोडमध्ये गेले. गटाच्या बैठकीत अध्यक्षांनी फोन पुढे धरून विचारले, “ताई, ही दोन ॲप आहेत का?” काय उत्तर देणार?

तुमच्या सपोर्टचा पहिला सल्ला कॅशे (सॉफ्टवेअरने साठवलेला तात्पुरता डेटा) साफ करण्याचा. केली. मग क्लायंटची अख्खी फाइल मागितली. ती देण्याची करारात मुभा नाही, म्हणून हाच दोष दाखवणारी छोटी नमुना फाइल पाठवली. ती उघडल्याचीही खूण नाही. उत्तर आले: ‘स्टाइल हाताने पुन्हा लावा.’ आणि तिकीट ‘सोडवले’ म्हणून बंद. अहो, सगळे हातानेच लावायचे तर स्टाइलचे पैसे कशाचे घेता?

आमचे म्हणणे असे. बंद केलेले तिकीट पुन्हा उघडून नमुना फाइल तुमच्या अभियंत्यांनी तपासावी. दुवा तुटलेल्या लेयरची यादी काढून द्यावी आणि जुने आयडी नव्या स्टाइलना जोडून द्यावेत. मूळ मूल्ये अपडेटआधीच्या व्हर्जन हिस्टरीत शाबूत आहेत, ती आम्ही तपासली आहेत. यापुढे दुवा तुटला तर पॅनेलमध्ये स्पष्ट इशारा दिसला पाहिजे, नुसते जुने नाव नव्हे. दुरुस्ती होईपर्यंतचा काळ सबस्क्रिप्शनमध्ये वाढवून मिळावा. हाताने दुरुस्त केलेल्या स्क्रीनच्या कामाचे बिल वेगळे पाठवत आहे, तेही बघावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे, तयार साच्यातले नव्हे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. तेव्हा पुढची पायरी नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग असेल.

कळावे,

आपली सशुल्क ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक

सोबत: नमुना फाइल, अपडेटपूर्वीचे व नंतरचे स्क्रीनशॉट, सबस्क्रिप्शनची पावती, कामाचे बिल