पासवर्ड बदलून हे थांबणार नाही

संपादक महोदय,

सायबर सुरक्षेवरचा आपला रविवारचा लेख वाचला, पासवर्ड आणि ओटीपीबद्दल लिहिलंय ते बरोबरच आहे, पण सगळा भार वापरणाऱ्यावरच टाकलाय हे काही पटलं नाही. डेटा कुठल्या नेटवर्कमधून जायचा हे बीजीपी नावाचा प्रोटोकॉल ठरवतो, तो १९८९चा, आणि त्यात एखाद्या नेटवर्कने सांगितलं की ‘हे इंटरनेटवरचे पत्ते (आयपी अ‍ॅड्रेस) माझ्याकडे आहेत’ तर बाकीचे मुकाट्याने ऐकतात, खरंखोटं तपासायची सोय मुळात नव्हतीच. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशात बंद करायचं होतं, म्हणून त्यांनी यूट्यूबचे पत्ते आपल्याकडे असल्याची घोषणा केली, पण ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या टेलिकॉम कंपनीने न तपासता जगभर पुढे पाठवली आणि ती यूट्यूबच्या स्वतःच्या घोषणेपेक्षा जास्त नेमकी (पत्त्यांच्या लहान गटापुरती) असल्याने राउटरांनी, म्हणजे डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्रांनी, तीच उचलली. साधारण दोन तास जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब गायब! यात युजरचा पासवर्ड काय करणार, कप्पाळ? आता आरपीकेआय नावाच्या पडताळणी व्यवस्थेमुळे पत्ते नक्की कोणाचे हे डिजिटल सहीवरून तपासता येतं, डेटा मधे कुठल्या मार्गाने जातो ते मात्र तपासता येत नाही, आणि तेसुद्धा कंपन्यांनी खोटी घोषणा खरोखर नाकारली तरच. आपले इंटरनेट प्रोव्हायडर हे करतात का, त्यांना विचारून तेही छापा की.

– एक वाचक, पुणे